थोडं म्हणजे किती

रविवारी सकाळी नत्थूजी वासनिकांना त्यांच्याच घरात एक शब्द उच्चारायला बंदी झाली. बंदी त्यांच्या बायकोने, प्रेमिलाबाईंनी, घातली होती आणि ती पाहुणे परत जाईपर्यंत लागू राहणार होती. शब्द होता ‘अ‍ॅडजस्ट’.

“आज तो तोंडातून निघाला ना, तर पाहा,” प्रेमिलाबाई कैऱ्या सोलता सोलता म्हणाल्या.

“अन् मंग काय म्हणू?”

“काहीच नका म्हणू. चूप बसा.”

नत्थूजींना हे अवघड होतं. त्यांची सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून झाली होती. गाडीत जागा असतात त्याच्या दीडपट माणसं बसवायची, तर तिकिटांच्या पेटीइतकाच तो शब्द जवळ लागतो. ‘मागं अ‍ॅडजस्ट करा.’ ‘मावशी, लेकरू मांडीवर घ्या, अ‍ॅडजस्ट करा.’ बकरी घेऊन चढलेल्या माणसाला ते हेच सांगत आणि त्या बकरीशेजारी आलेल्या मास्तरांनाही हेच सांगत. पुढे नत्थूजी निवृत्त झाले, पण शब्द झाला नाही. भाजीत मीठ कमी पडलं, अ‍ॅडजस्ट करा. लाइट गेली, अ‍ॅडजस्ट करा. नवी चप्पल चावते, होईल दोन दिवसांत अ‍ॅडजस्ट. आता चप्पल होईल की पाय, हे काही ते सांगत नसत. अर्ध्या मराठीचं काम त्यांनी या एका शब्दावर टाकलं होतं आणि त्यांचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते त्यांच्या मुलीचं. दीप्ती वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होती. कुठल्या ट्रकमध्ये किती माल चढवायचा, हे ती ठरवायची. नऊ टनाच्या गाडीत नऊच टन बसतात, यावर ती दिवसभर ड्रायव्हरांशी भांडायची आणि संध्याकाळी घरी येऊन वडिलांचं बोलणं ऐकायची. एकाच घरात हे दोघं इतकी वर्षं कसे राहिले, हा प्रेमिलाबाईंनाच पडलेला प्रश्न होता.

दीप्तीला पाहायला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाची आई म्हणाली, “आमच्याकडं सगळं चांगलं आहे, फक्त मुलीले थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागन.” दीप्तीने विचारलं, “थोडं म्हणजे किती?” त्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं, आणि आठवड्याने निरोप आला की मुलगी बोलते फार. दुसऱ्या स्थळाच्या वेळी तो शब्द मुलगाच म्हणाला. दीप्तीने तेच विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “ते हळूहळू कळून जाईन.” दीप्ती कपबशा उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

त्या रात्री तिने घरात जाहीर केलं. “आता ज्या दिवशी कोणी हा शब्द काढन, त्या दिवशी मी उठून आत जाईन. मंग कोण्याही बाजूचं असो.” शेवटचं वाक्य तिने वडिलांकडे पाहून म्हटलं होतं.

आज येणारं स्थळ बुटीबोरीचं होतं. मुलाचं नाव प्रशिक. कापडाच्या कारखान्यात मशिनींच्या दुरुस्तीचं काम करायचा. फोनवर दोघांचं दोनतीनदा बोलणं झालं होतं, आणि त्यातल्या एका वेळी दीप्ती हसली होती. प्रेमिलाबाई तेव्हा गच्चीवर वाळवण उलटत होत्या. त्यांनी ते हसू ऐकलं आणि कुणाला काही न सांगता खाली आल्या. दोन वर्षांत लेक घरात अशी हसली नव्हती. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

पण शब्दाला बंदी करून भागत नाही, त्याने आधी करून ठेवलेलं घरात पडलेलं असतं. नत्थूजींच्या बाबतीत ते बैठकीच्या खोलीतच, भिंतीला लागून पडलेलं होतं. शेजारच्या ओमप्रकाशचं लकडगंजला मसाल्याचं दुकान होतं. गुरुवारी तो दारात उभा राहिला. “नत्थूजी, घर में पुताई चालू है. छे बोरे हैं मिर्ची के. बस दो दिन अ‍ॅडजस्ट कर लो.” आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की नत्थूजी विरघळायचे. शेजारच्या रंगकामापायी भिवापुरी मिरचीची सहा पोती आत आली. आता रविवार उजाडला होता आणि ओमप्रकाश काटोलला लग्नाला गेला होता.

“त्याले फोन लावा,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

“लावला. लागून नाही राहिला. होईन वं, अ‍ॅड...”

“बोला. पूर्ण बोला.”

“होईन काही तरी,” नत्थूजी म्हणाले.

शेवटी प्रेमिलाबाईंनीच डोकं चालवलं. तीन पोती खाली, तीन वर, त्यावर गादी आणि गादीवर फुलाफुलांची चादर. लांबून दिवाण वाटत होता. जवळूनही वाटला असता, फक्त वास लपत नव्हता. त्यासाठी त्यांनी उदबत्त्या लावल्या. दीप्ती हे सगळं दारातून पाहत होती.

“आई, त्या दिवाणावर कोणाले बसवू नको.”

“कोण बसते वं तिथं? चार तर लोक येऊन राहिले.”

चार लोक हे प्रशिकच्या आईने, पुष्पलताबाईंनी, फोनवर सांगितलं होतं. त्यावर नत्थूजींनी काय उत्तर दिलं, हे मात्र त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, “चारच काहून जी? कितीही या. आपलंच घर आहे.”

दुपारी ऊन जरा कलल्यावर गल्लीत एक क्रूझर जीप थांबली आणि तिच्यातून माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. पुष्पलताबाई, दोन मावश्या, एक आत्या, मामा, मामी, मामांचे व्याही, दोन चुलतभाऊ, आणि ज्यांचं नातं शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही असे एक म्हातारे गृहस्थ. अकरावा प्रशिक होता. तो सर्वांत मागे दबून बसला होता आणि उतरल्यावर बराच वेळ पाय झटकत होता.

“जयभीम, जयभीम. या, या,” नत्थूजी म्हणाले. खोलीत जागा सात जणांची होती. हा हिशोब त्यांच्या डोक्यात आपोआप झाला, आणि तितक्याच आपोआप तो शब्द घशातून वर आला. समोर स्वयंपाकघराच्या दारात प्रेमिलाबाई उभ्या होत्या. नत्थूजींनी शब्द गिळला. आता त्याच्या जागी काही तरी म्हणायला हवं होतं, कारण अकरा माणसं तोंडाकडे पाहत होती.

“सगळ्यायनं थोडं...” ते म्हणाले, “थोडं एकमेकायले जीव लावून बसा.”

पाहुण्यांना हे फार आवडलं. “वा, काय बोलले,” म्हातारे गृहस्थ म्हणाले, आणि सगळे जीव लावून बसले. सोफ्यावर पाच मावले. खुर्च्या भरल्या. उरले मामा, मामी आणि एक मावशी. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि सरळ दिवाणाकडे गेले. मामांचं नाव धोंडबाजी आणि वजन नावाला शोभेल असं. ते बसले तेव्हा खालून चुरचुर असा आवाज झाला.

“गादी कायची आहे जी? कापूस तर नाही वाटत,” धोंडबाजी म्हणाले.

“गावाकडची आहे,” नत्थूजी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

मे महिना होता. नत्थूजींनी कूलर पूर्ण वेगात सुरू केला. कूलर दिवाणाच्या बरोबर बाजूला होता. हवेचा पहिला झोत पोत्यांवरून सोफ्याकडे गेला आणि पुष्पलताबाई शिंकल्या. मग आत्या शिंकली. मग म्हातारे गृहस्थ शिंकले ते थांबेनात. धोंडबाजी बोलताना हातवारे करायचे आणि दर हातवाऱ्याला बुडाखालच्या मिरच्या आणखी चुरडायच्या. थोड्या वेळात सोफ्यावरचे पाचही जण डोळ्याला रुमाल लावून बसले. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर बैठक दुसऱ्याच कशाची वाटली असती.

“नत्थूजी,” धोंडबाजी नाक पुसत म्हणाले, “पोरगी पाह्याच्या पहिलेच रडू काहून येऊन राहिलं?”

नत्थूजींनी कूलर बंद केला. दोन मिनिटांत अकरा माणसांना घाम फुटला. मावशी पदराने वारा घ्यायला लागली. नत्थूजींनी कूलर सुरू केला. पुन्हा शिंका. बंद केला, पुन्हा घाम. तिसऱ्या वेळी त्यांनी बटणाला हात लावला तेव्हा पुष्पलताबाई शांतपणे म्हणाल्या, “दादा, एक काही तरी ठेवा.”

तेवढ्यात धोंडबाजींनी चादरीचं टोक उचललं. खाली पोतं होतं. पोत्याच्या शिवणीतून एक लाल मिरची बाहेर डोकावत होती.

“हे मिरची आहे का?”

“हाव जी,” नत्थूजी म्हणाले. “भिवापुरी.”

“म्हणजे तुम्ही पाहुण्याले मिरचीवर बसवलं?”

आतल्या दाराआड प्रेमिलाबाईंनी पन्ह्याचा ट्रे खाली ठेवला. गेलं हे स्थळ, असं त्यांना वाटलं. सोयरिकी मानपानावरून मोडतात हे त्यांनी पाहिलं होतं, पण मिरचीवरून मोडलेली ही पहिलीच असती.

“पण मिरची बैठकीत काहून ठेवली, दादा?” पुष्पलताबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच जास्त अडचणीचं होतं.

“आमची नाही जी. शेजाऱ्याची आहे. त्याच्या घरी पुताई चालू आहे. त्यानं म्हटलं, दोन दिवस...” नत्थूजी थांबले.

“दोन दिवस काय?”

“दोन दिवस... असू द्या.”

“अन् तुम्ही काय म्हटलं?”

“मी म्हटलं, हाव.”

“दोन दिवस कवा झाले?”

“कालच झाले.”

“मंग?”

आता या ‘मंग’चं उत्तर जगात एकच होतं. ते द्यायला बंदी होती. नत्थूजी घामाने निथळत उभे राहिले. आजवर हजारो माणसांना आपण एका शब्दात गप्प केलं, आणि तो शब्द काढून घेतला तर आपल्याजवळ सांगायला काहीच नाही, हे त्यांना त्या उभ्या जागी जाणवलं आणि त्यांना स्वतःची जरा लाज वाटली.

प्रशिक उठला. “बाबा, तुम्ही त्या टोकाले धरा,” तो म्हणाला. “बाहेर नेऊन ठेवू. दहा मिनिटाचं काम आहे.”

मामा उठले, गादी निघाली, पोती निघायला लागली. धोंडबाजींच्या भाराने एका पोत्याची शिवण उसवली होती, त्यामुळे बैठकीपासून फाटकापर्यंत मिरचीची एक सरळ रेघ ओढली गेली. पोतं फाटकाशी पोचतं न पोचतं तोच काटोलहून परतलेला ओमप्रकाश समोर उभा.

“अरे अरे, ये क्या कर रहे हो नत्थूजी? माल गिर रहा है. मैंने तो बस इतना बोला था के दो दिन अ‍ॅड...”

प्रेमिलाबाई कुठून आल्या हे कुणालाच कळलं नाही. संत्रा बर्फीचा अख्खा तुकडा ओमप्रकाशच्या तोंडात गेला.

“खा भाऊ, खा. घरी पाहुणे आहे, पहिले तोंड गोड करा.”

ओमप्रकाशने तो कसाबसा संपवला. “भाभीजी, मेरे को शुगर है. मैं तो ये बोल रहा था के अ‍ॅ...”

दुसरा तुकडा गेला. “थोडी चालते,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

तिसरा तुकडा त्यांच्या हातात दिसल्यावर ओमप्रकाशने विषय सोडला. त्याने पोत्याचं एक टोक उचललं आणि सहाही पोती आपल्या ओल्या भिंतींच्या व्हरांड्यात नेऊन लावली. जाता जाता तो नत्थूजींकडे असं पाहत गेला की जणू त्यांना काही तरी झालंय.

पोत्यांची जागा मोकळी झाली, तिथे सतरंजी अंथरली, कूलर सुरू झाला आणि या वेळी फक्त हवा आली. दीप्ती पन्हं घेऊन बाहेर आली. समोर अकरा माणसं लाल डोळ्यांनी तिच्याकडे पाहत होती. ती ट्रे घेऊन एक क्षण तशीच उभी राहिली, मग तिने पहिला पेला पुष्पलताबाईंना दिला.

“थंड पाणी आणू का डोळ्याले लावाले?”

“नको वं माय. पन्हं पाहूनच बरं वाटलं.”

धोंडबाजींचा पेला एका घोटात संपला. आता बोलणी सुरू करायची जबाबदारी आपली, असं त्यांना वाटलं असावं. ते खाकरले. “आमचं तर काहीच म्हणणं नाही, बेटा. पोरगा चांगला आहे, घर चांगलं आहे. फक्त लग्नानंतर पोरीले थोडं...”

शेजारी येऊन बसलेल्या पुष्पलताबाईंचं कोपर धोंडबाजींच्या बरगडीत गेलं. प्रशिक छताकडे पाहायला लागला. दोन्ही मावश्यांनी श्वास रोखला.

“थोडं,” धोंडबाजी म्हणाले, “पन्हं अजून भेटन का?”

नत्थूजींनी ते कोपर ओळखलं. सकाळपासून प्रेमिलाबाई त्यांना तसंच कोपर नुसत्या डोळ्यांनी मारत होत्या. म्हणजे क्रूझरमध्येही बंदी घालूनच माणसं भरली होती. दीप्तीने प्रशिकला फोनवर सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्यांना एकदम हलकं वाटलं आणि धोंडबाजींबद्दल फार आपुलकी वाटली. त्यांनी स्वतः उठून त्यांचा पेला भरून दिला.

पण मुद्दा होताच, आणि तो कुणी तरी काढायला हवा होता. पुष्पलताबाईंनी काढला. “पोरी, तुही नोकरी वाडीले. याचा कारखाना बुटीबोरीले. शहराच्या या टोकाले एक, त्या टोकाले एक. राहाचं कुठं?”

आता या ठिकाणी म्हणायची जी गोष्ट होती, ती सगळ्यांना पाठ होती. पिढ्यान्‌पिढ्या ती इथेच म्हटली गेली होती आणि म्हटल्यावर विषय संपत आला होता. आज बारा-पंधरा माणसं ती जिभेवर धरून बसली होती आणि कूलरचं पाणी तेवढं टपटपत होतं. म्हातारे गृहस्थ दीप्तीच्या वडिलांकडे पाहत होते, वडील प्रशिककडे, प्रशिक दीप्तीकडे.

“तुम्हाले,” दीप्ती प्रशिकला म्हणाली, “थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागन.”

प्रेमिलाबाईंनी डोळे मिटले. नत्थूजींना आपण चुकून बोललो की काय असं वाटून त्यांनी तोंडावर हात ठेवला. शब्द काढणाराने उठून आत जायचं असतं, की ऐकणाराने, हे आता कुणालाच माहीत नव्हतं.

प्रशिकने पेला खाली ठेवला. “किती?” त्याने विचारलं.

हा प्रश्न दीप्तीने दोनदा विचारला होता, पण तिला तो आजवर कुणी विचारला नव्हता.

“जयताळ्याकडं खोली पाहू,” ती म्हणाली. “तिथून वाडी मले जवळ पडते. तुम्हाले दूर पडन. रोजचा जाऊन येऊन दीड घंटा तुमचा गाडीवर जाईन.”

“सध्या पाच मिनिटात पोचतो,” प्रशिक म्हणाला.

“माहीत आहे. म्हणून तर विचारून राहिली.”

प्रशिकने विचार केला. त्याने तो घाईत केला नाही. प्रेमिलाबाईंनी एक डोळा उघडला.

“दीड घंटा जमते,” तो म्हणाला. “पण पावसाळ्यात आईचे गुडघे लय दुखते. दवाखाना इकडंच आहे. ते दोन महिने आई आपल्याकडं राहीन. जमते का?”

“जमते. पण माही ड्यूटी सकाळची आहे. चहा तुम्ही कराचा.”

“येते मले.”

“मले कोणी विचारलं का?” पुष्पलताबाई म्हणाल्या. “मले साखर जास्त लागते चहात.”

“किती?” दीप्ती आणि प्रशिक एकदमच म्हणाले.

पुष्पलताबाई हसल्या, मग मावश्या हसल्या, आणि प्रेमिलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांचे डोळे आता वाहत होते आणि घरात मिरची तर उरली नव्हती. लग्नाची पुढची बोलणी कुणी तरी सुरू केली, पण ठरायचं ते ठरून गेलं होतं आणि मोठ्या माणसांना त्यात करण्यासारखं फार काही राहिलं नव्हतं. त्यांनी बर्फी खाल्ली.

दिवेलागणीला पाहुणे निघाले. येताना जी माणसं गाडीत मावली होती ती जाताना मावेनात, कारण पोटं भरलेली होती आणि प्रेमिलाबाईंनी प्रत्येकाबरोबर काही ना काही बांधून दिलं होतं. मावशीच्या मांडीवर कुरडयांचा डबा होता. धोंडबाजी दारात अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले होते. प्रशिक अजून खालीच उभा होता, आणि बसायची त्याला घाई दिसत नव्हती.

नत्थूजी क्रूझरच्या मागच्या दाराशी आले. त्यांनी आत पाहिलं. किती वर्षांनी अशी भरलेली गाडी समोर होती. त्यांनी वळून प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. प्रेमिलाबाईंनी होकाराची मान हलवली.

नत्थूजींनी दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. “चला, मागं सरका,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. दिवसभर दाबून ठेवलेला आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. “थोडं अ‍ॅडजस्ट करा जी.”

आतून, डब्याच्या मागून, मावशीचा आवाज आला. “कितीक गा?”

नत्थूजींचा हात पत्र्यावरच राहिला. एवढ्या नोकरीत, एवढ्या गाड्यांत, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी वाकून आत नीट पाहिलं, मावशी पाहिली, धोंडबाजी पाहिले, मधली फट पाहिली.

“अर्धी मांडी, मावशी,” ते म्हणाले.

मावशी अर्धी मांडी सरकली. धोंडबाजी आत बसले आणि दार लागलं.